पहिला पहारेकरी की शेवटचा?

शाळेच्या बास्केटबॉल संघाची निवड कधी पाहिली आहे? सर मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभे करतात. सर्वांत उंच मूल थेट बास्केटखाली जाते. ठेंगण्यांच्या वाट्याला चेंडू खेळवण्याचे काम येते किंवा तेही येत नाही. बचाव करायचा तो उंचांनीच, हे जणू आधीच ठरलेले असते. मूल हिरमुसून घरी येते आणि आपणही म्हणतो, ''जाऊ दे, तुझी उंचीच नाही.''

पण बचाव खरोखरच उंच सेंटरवर अवलंबून असतो, की पुढे उभ्या राहणाऱ्या चपळ गार्डवर?

उंचीची बाजू भक्कम आहे. बास्केटची कडी जमिनीपासून १० फुटांवर असते. तिथे ज्याचा हात पोचतो तोच शेवटचा पहारेकरी. अमेरिकेतील बोस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल चांगला ६ फूट १० इंच उंच होता. त्याच्या १३ मोसमांत संघाने ११ वेळा अजिंक्यपद पटकावले. तिथल्या एन.बी.ए. स्पर्धेत सर्वोत्तम बचावपटूचा किताब १९९६ मध्ये गॅरी पेटन या गार्डला मिळाला. त्यानंतर मार्कस स्मार्ट या दुसऱ्या गार्डला तो मिळायला २०२२ साल उजाडावे लागले. मधली सगळी वर्षे सेंटर आणि फॉरवर्ड यांनी वाटून घेतली.

मात्र रसेलच्याच संघात के. सी. जोन्स नावाचा ६ फूट १ इंचाचा गार्ड होता. त्या ११ पैकी ८ विजेतेपदांत तोही होता. चेंडू आणणाऱ्याला सुखासुखी पुढे येऊ द्यायचे नाही, हे त्याचे काम. नाव मात्र झाले ते रसेलचे.

हा वाद कोलकात्याला नवा नाही. तिथे तो फुटबॉलच्या भाषेत चालतो. तिथल्या मैदानावर गोष्ठ पाल यांचा पुतळा आहे. मोहन बागानचे हे अनवाणी खेळणारे फुलबॅक 'चीनची भिंत' म्हणून ओळखले जात. १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुतळा झाला तो शेवटच्या पहारेकऱ्याचा!

योगायोग असा, की त्याच वर्षी जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत या वादाची परीक्षाच झाली. मोहन बागानचा धिप्पाड जर्नेलसिंग हा भारताच्या बचावाचा कणा. पहिल्याच सामन्यात तो मागे असताना भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. पुढे थायलंडविरुद्ध जर्नेलचे डोके फुटले, टाके पडले. तेव्हा प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी (२०२४ चा 'मैदान' चित्रपट त्यांच्यावरच आहे) त्याला मागून काढून थेट आघाडीवर पाठवले. मागची जागा अरुण घोषने सांभाळली. मधल्या फळीत मूळचा गोव्याचा आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा हाफबॅक फॉर्च्युनेटो फ्रँको होता. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा तोच कोरिया. भारत २-१ असा जिंकला. एक गोल पी. के. बॅनर्जी यांचा, दुसरा खुद्द जर्नेलचा!

कणा काढला तरी बचाव मोडला नाही. अर्थात, गोलमध्ये पीटर थंगराज हा उंचापुरा गोलरक्षक परतला होता, हेही विसरून चालणार नाही. उंचीचे मोल आहेच. पण एका उंच माणसावर बचाव उभा नव्हता, एवढे खरे.

बास्केटबॉलमध्ये हेच अधिक स्पष्ट दिसते. गार्ड पहिल्या पावलालाच चकला, की सेंटरला आपला माणूस सोडून धावावे लागते. मग घाईत तो फाउल करतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ५ फाउल झाले, की खेळाडू बाहेर! किंवा त्याने सोडलेला खेळाडू बास्केटखाली मोकळा सापडतो. उलट गार्डने चेंडूवाल्याला कडेला रेटले, तर तो सेंटरच्या हाताखालीच येतो. अडवलेला फटका सर्वांना दिसतो. मारताच न आलेला फटका कुणाला दिसत नाही. किताब वाटताना फरक पडतो तो इथेच.

म्हणून आमचे मत पहिल्या पहारेकऱ्याच्या बाजूने. शेवटचा चूक निस्तरतो, पहिला ती होऊच देत नाही.

उंची आपल्या हाती नसते, पाय असतात. गुडघे वाकवून, पाय न ओलांडता बाजूला सरकणे, नजर चेंडूवाल्याच्या कमरेवर ठेवणे, मागच्या सोबत्याला वेळीच हाक देणे, हे सारे सरावाने येते. अंगणात रोज १५ मिनिटेही पुरतात. तेव्हा तुमचे मूल रांगेच्या शेवटी उभे राहिले, तर त्याला परत बोलावू नका. ''सर, मला चेंडूवाल्यासमोर उभे करून पाहा,'' एवढे म्हणायला मात्र शिकवा.