प्रश्न विचारला, म्हणून गुन्हा ?

दूरचित्रवाणीवरील एका खेळात प्रश्न विचारला गेला आणि त्या प्रश्नाविरुद्धची तक्रार आमच्या लातूरात पोलिसांच्या दारी गेली. या घटनेस काही वर्षे लोटली आहेत. परंतु तिच्यामागील वृत्ती लोपलेली नाही; म्हणून नवदीक्षित बौद्ध कुटुंबांनी ती नीट ओळखून ठेवणे अगत्याचे आहे.

इंग्लंडात १९९८ साली सुरू झालेला हा स्पर्धेचा खेळ देशोदेशी फिरत ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ या नावाने भारतात आला. साचा परका, परंतु प्रश्न आपल्या देशाचे. या प्रश्नांत कोणाचा इतिहास येतो आणि कोणाचा गाळला जातो, यावरून देशाच्या चित्रात कोणास स्थान आहे, हे कळते. ३० ऑक्टोबर २०२० च्या भागात सफाई कामगारांच्या मुक्तीसाठी झटणारे बेझवाडा विल्सन व अभिनेते अनुप सोनी स्पर्धक होते. सहा लाख चाळीस हजार रुपयांसाठी त्यांना प्रश्न आला : २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी कोणत्या ग्रंथाच्या प्रती जाळल्या ? पर्याय चार होते : विष्णुपुराण, भगवद्गीता, ऋग्वेद आणि मनुस्मृती.

झाले ! औशाचे आमदार अभिमन्यू पवार यांनी लातूरच्या पोलीस अधीक्षकांकडे तक्रार दिली. त्यांचे म्हणणे असे की, चारही पर्याय हिंदू ग्रंथांचेच होते; हेतू शुद्ध असता तर अन्य धर्मांचे ग्रंथही घातले असते; आणि अशा प्रश्नाने हिंदू व बौद्ध यांच्यातील सलोखा बिघडतो. तक्रार करण्याचा त्यांना अधिकार आहे. तिची चिकित्सा करण्याचा आम्हांसही आहे.

प्रथम पर्यायांचा विचार करू. अस्पृश्यतेस शास्त्राधार म्हणून कुराण वा बायबल कोणी पुढे केले होते काय ? परीक्षक पर्याय देतो ते एकमेकांस जवळचे देतो. नाहीतर प्रश्नाचा पोरखेळ होतो. शिवाय, जाळलेल्या ग्रंथांच्या यादीत दुसऱ्यांचे धर्मग्रंथ बसविले असते तर सलोखा वाढला असता, हे कोणते तर्कशास्त्र ?

आता कायदा. त्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९५ अ नुसार केवळ भावना दुखावणे हा गुन्हा नव्हता. बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेला अपमान हाच गुन्हा होता. रामजीलाल मोदी खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले ते याच मर्यादेमुळे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ त्याच्या जागी आले. मर्यादा तीच राहिली. मग घडलेली गोष्ट घडली म्हणून सांगण्यात दुष्ट हेतू तो कोणता ?

आणि काय घडले होते ? महाडच्या परिषदेत मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. ती आग कोणा जातीच्या माणसांविरुद्ध नव्हती. माणसास पाणी नाकारणाऱ्या विधानाविरुद्ध होती. चवदार तळ्याच्या दाव्यातही १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आमच्याच बाजूने निकाल दिला. हा इतिहास आम्ही लपवावा काय ?

राहता राहिला सलोखा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा याच मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्या आगीत बळी गेले. तेव्हा दूरचित्रवाणीच्या कोणत्या प्रश्नाने सलोखा बिघडविला होता ? जो सलोखा आमच्या मौनावर उभा आहे, तो सलोखा नव्हे; ती दहशत होय.

या गदारोळात समोर खुर्चीवर बसलेला माणूस मात्र विसरला गेला. हाताने मैला वाहण्याची प्रथा बंद व्हावी म्हणून ज्याने आयुष्य वेचले, त्याचे म्हणणे ऐकून कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. १९९३ व २०१३ असे दोन कायदे झाले. गटारात मेलेल्यांच्या वारसांस दहा लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली तीच रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे मरतच आहेत. त्यांच्यासाठी पोलीस अधीक्षकांच्या दारी किती आमदार गेले ?

बंधुभगिनींनो, एक कटू गोष्ट आपणांसही सांगितली पाहिजे. ‘भावना दुखावल्या’ हे हत्यार आपणही उचलू नये. मनाला लागेल त्या प्रत्येक शब्दासाठी ठाण्यात धावण्याची सवय लागली, तर उद्या तेच हत्यार आपल्या वक्त्यांवर, आपल्या शाहिरांवर आणि या पाक्षिकावरही चालेल. माणसावर अत्याचार झाला तर १९८९ च्या कायद्यान्वये फिर्याद द्या, आणि ती शेवटास न्या. शब्दाला मात्र शब्दानेच उत्तर द्या. तथागतांचा मार्ग विचाराचा आहे.

खेळातील बक्षीस ग्रंथाचे नाव सांगितले की मिळते. आपल्या मुलांना एवढ्यावर सोडू नका. तो का जाळला, हे येत्या २५ डिसेंबरला विहारात त्यांना विचारा. आणि त्यांना उत्तर आले नाही, तर दोष पडद्यावरील खेळाचा नव्हे, आपला आहे असे समजा.

जय भीम !