रक्त आपलं, रिपोर्ट कोणासाठी?

विदर्भातल्या वस्त्यांत ‘एएस’ आणि ‘एसएस’ म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. सिकलसेलने ती अक्षरं घरोघरी पोचवली. आता त्याच्या पुढची तपासणी दारात आली आहे. बाळाला वारंवार झटके येतात, ते मान धरत नाही, किंवा एकाच घरात लागोपाठ दोन बाळं दगावतात, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर ‘जेनेटिक टेस्ट करून घ्या’ म्हणतात. पूर्वी एखाद्या ठरावीक जनुकाची तपासणी व्हायची. आता ‘एक्झोम’ किंवा ‘होल जीनोम सिक्वेन्सिंग’ सांगतात. पहिल्यात जीनोमचा एक-दोन टक्के, पण कामाचा भाग वाचतात. दुसऱ्यात जवळजवळ सगळा.

या तपासणीला माझा विरोध नाही. पाच-सात वर्षं दवाखाने फिरूनही ज्या लेकराच्या आजाराला नाव मिळालं नाही, त्याला कधीकधी यातून नाव मिळतं. नाव कळलं की अंगारे-धुपारे थांबतात, सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणणारी तोंडं बंद होतात. माझं म्हणणं एवढंच, की यंत्र आधी आणि समजावणारा माणूस नंतर, किंवा कधीच नाही, हा क्रम आपल्याला महागात पडेल.

जीनोम म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर. सिकलसेलमध्ये त्यातलं एकच अक्षर बदललेलं असतं. पहिला मानवी जीनोम वाचायचा प्रकल्प १९९० ते २००३ असा १३ वर्षं चालला. आज यंत्र ते काम काही दिवसांत करतं. पण वाचणं वेगळं आणि अर्थ लागणं वेगळं. सापडलेला बदल आजाराचा आहे की निरुपद्रवी, हे ठरवायला तो इतर हजारो लोकांच्या जीनोमशी ताडून पाहावा लागतो, आणि जगात साठवलेली अशी माहिती बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. याचा फटका अमेरिकेतल्या काळ्या लोकांना बसला. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराचे बदल म्हणून काहींना रिपोर्ट मिळाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ते बदल काळ्या लोकांत सर्रास आढळतात आणि निरुपद्रवी आहेत. आपल्याकडे ‘जीनोम इंडिया’ने १०,००० भारतीयांचे जीनोम वाचून जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली केली. चांगलं काम आहे. पण १४० कोटींच्या, जातीजातींत लग्नं लावणाऱ्या देशात १०,००० म्हणजे सुरुवात. तोवर आपल्या रिपोर्टवर ‘व्हीयूएस’, म्हणजे बदल सापडला पण अर्थ माहीत नाही, असा शेरा येण्याची शक्यता जास्त. हा शेरा म्हणजे आजार नव्हे. पण इंग्रजीतलं लाल अक्षर बघून आई रात्रभर रडते, आणि कर्ज काढून केलेल्या तपासणीचं काय झालं ते शेजारी विचारतात.

खरी अडचण तर रिपोर्ट घरात आल्यावर सुरू होते. रक्ताची साधी तपासणी एका माणसाची असते. ही सगळ्या खानदानाची असते. बाळाच्या आजारासाठी केलेल्या तपासणीत आईला पुढे स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका आहे असंही दिसू शकतं. तिला ते ऐकायचं होतं का, हे आधी विचारलं होतं का? आई-बाप-बाळ असे तिघांचे नमुने एकत्र तपासले, तर बाळाचा जैविक बाप कोण हेही उघड होऊ शकतं. दहा बाय दहाच्या खोलीत, सासू-सासऱ्यांसमोर, ते कसं सांगायचं? अशा वेळी मार बाईच खाते. सिकलसेलमध्ये आपण हे पाहिलंच आहे. ‘एसएस’ बाळ व्हायला दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. दोघंही ‘एएस’ असतील तर प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता २५ टक्के. तरी ‘खोट’ सुनेतच निघते. नुसती ‘एएस’ असलेली, धडधाकट मुलगी लग्नासाठी नाकारली जाते आणि मग पोरी कार्ड लपवतात. (सिकलसेल ओळखायला जीनोम वाचायची काहीच गरज नाही. सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिस या स्वस्त तपासण्या पुरतात. कोणी महागडी सांगितली तर कारण विचारा.)

दुसरी गोष्ट सहीची. फॉर्ममध्ये कुठेतरी ‘नमुना संशोधनासाठी वापरू’ अशी ओळ असते. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई आदिवासींनी १९९० पासून डायबेटिसच्या अभ्यासासाठी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिलं. पुढे तेच रक्त त्यांना न सांगता स्किझोफ्रेनियाच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासाला वापरलं गेलं. ते कोर्टात गेले. २०१० साली तडजोड झाली, ७ लाख डॉलर भरपाई मिळाली आणि उरलेले नमुने परत मिळाले. जनुकांवरून नोकरी आणि आरोग्य विमा नाकारू नये म्हणून अमेरिकेने २००८ साली कायदा केला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. जातीच्या शिक्क्याने ज्यांचं आयुष्य मापलं गेलं, त्यांनी रक्ताच्या शिक्क्याबद्दल जरा जास्तच चौकस असावं.

म्हणून सही करण्याआधी मराठीत विचारा. या तपासणीने उपचारात काय बदलणार? ज्या आजारासाठी आलो त्याशिवाय इतर काही सापडलं तर सांगणार का, आणि मला नको असेल तर? नमुना कुठे राहील, कोणाला दिला जाईल? रिपोर्ट कोण समजावणार, आणि नवरा-बायकोला आधी एकांतात सांगणार का? संशोधनाला नाही म्हणूनही उपचार मिळालेच पाहिजेत. तो तुमचा हक्क आहे. आशाताईला किंवा मंडळातल्या शिकलेल्या पोरीला सोबत न्या. सरकारी मेडिकल कॉलेजात जेनेटिक समुपदेशकाचं पद भरा, ही मागणी आपल्या निवेदनांत यायला हवी. मशीनच्या उद्घाटनाचे फोटो पुष्कळ येतील.

आणि ‘व्हीयूएस’ लिहिलेला रिपोर्ट रद्दीत टाकू नका. माहिती वाढली की त्याचा अर्थ बदलू शकतो. दोन-तीन वर्षांनी तोच कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि नव्याने पाहायला सांगा.