परतीच्या सामानात एक वाद्य

मागील अंकात निवृत्तीनंतरच्या आर्थिक नियोजनावर लेख आला होता. तो मी दोनदा वाचला, एकदा स्वतःसाठी आणि एकदा सौ.ला मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी. एन.आर.ई. ठेवी, ग्रॅच्युइटी, आरोग्य विमा, फ्लॅटचे हप्ते, सगळे त्यात होते. आपल्याला हे सांगावेच लागते. ओमानमध्ये कितीही वर्षे काढली तरी आपल्यापैकी बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो आणि एक दिवस खोकी भरावी लागतात. पण त्या लेखात एक रकाना राहून गेला असे मला वाटते. पैसे कुठे ठेवायचे ते कळले. सकाळी दहा ते दुपारी एक काय करायचे, ते कळले नाही.

थट्टा करीत नाही. माझे एक जुने स्नेही मस्कतमध्ये २७ वर्षे नोकरी करून २०१९ साली पुण्याला परतले. हिशेबाला पक्का माणूस. घर स्वतःचे, ठेवी वेळच्या वेळी, कर्ज एका पैशाचे नाही. सहा महिन्यांनी फोनवर म्हणाले, "रोज सकाळी पासबुक भरून घ्यायला बँकेत जातो. काउंटरवरची मुलगी आता लांबूनच हसते." मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना. नोंद करायला नवीन व्यवहार नसताना पासबुक घेऊन निघालेला हा माणूस एके काळी तीनशे कामगारांचे पगार एकट्याने काढत असे.

मी ५७ वर्षांचा आहे. रुवीला राहतो आणि एका कंपनीचे स्टोअर्स सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी मी युकुलेले शिकायला घेतले.

"पेटी का नाही?" हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. पेटीबद्दल मला प्रेम आहे, पण तिचे वजन, तिचा आवाज आणि आमच्या इमारतीच्या भिंती यांचा मेळ बसत नाही. युकुलेले दोन हातांच्या अंतरात मावते आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जात नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा गुण मोठा.

काहींना हे वाद्य परके वाटते. पेटीसुद्धा युरोपातूनच आली. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर ठोकळेबाज, अशा आक्षेपांवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडले. तोवर महाराष्ट्रातल्या घराघरांत आणि भजनी मंडळांत पेटी वाजतच होती. युकुलेलेची गोष्ट तर आपल्या आणखी जवळची आहे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून हवाईतील होनोलुलूला लागले. त्यावरचे लोक उसाच्या मळ्यांवर कराराने राबायला आले होते. त्यांनी सोबत आपली चिमुकली गिटार आणली. त्यांच्यातल्या सुतारकाम जाणणाऱ्या तिघांनी पुढे होनोलुलूत दुकाने थाटली, आणि त्या गिटारीपासून हे वाद्य तयार झाले. करारावर परमुलखात आलेल्या माणसांचे वाद्य मस्कतमध्ये परके कसे? पोर्तुगीज तर इथे १५०७ ते १६५० ठाण मांडून होते. जलाली आणि मिरानी हे किल्ले आपण पाहुण्यांना दाखवतो ते त्यांच्याच काळातले.

मला पहिले धडे एका गोव्याच्या सहकाऱ्याने दिले. तो गिटारवाला. म्हणाला, "काका, चारच तारा आहेत. घाबरायचं काय?" आमच्यासारख्यांना सोयीची एक गोष्ट मात्र मला स्वतःलाच सापडली. पांढरी एकचा सा धरला, तर युकुलेलेच्या चार सुट्या तारा वरून खाली प, सा, ग, ध अशा लागतात. म्हणजे भूपाचे पाचपैकी चार सूर बोट न लावताच हजर! राहिला रे. तो वरून दुसऱ्या तारेवर, दुसऱ्या पडद्याशी मिळतो. शेवटच्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी बोट ठेवले की तार सा. पहिल्या संध्याकाळी भूपाचा आरोह वाजला तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि "रेडिओ लावलास का?" असे न विचारता परत गेली. तरी बाहेर आली, हे महत्त्वाचे.

सहाव्या आठवड्यात मी सोडून देणार होतो. 'एफ' नावाची कॉर्ड दोन बोटांची आहे. लहान मुले ती वाजवतात. माझी एक तार दर वेळी मुकी राहायची. मला सोडू दिले नाही ते आमच्या गुरुवारच्या मंडळींनी. आम्ही पाच जण आहोत. कोणालाही धड येत नाही. गुरुवारी रात्री आठनंतर कोणाच्या तरी घरी तासभर बसतो. (जुन्या मंडळींना आठवेल, २०१३ पर्यंत इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. आता गुरुवारची रात्र मोकळी आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उठायची मुभा.) आमच्यात मिरजेकडची एक नर्स आहे, माझ्या मुलीच्या वयाची. त्या बुधवारी मी डोके दुखते म्हणून येत नाही असे कळवले. तिचा लगेच फोन. "काका, या की. माझी पण एफ वाजत नाही. मी एकटीच चुकले तर लाज वाटेल."

गेलो. दोघेही चुकलो. पण त्या दिवसापासून माझे मत झाले आहे की 'वा, छान!' या शब्दांनी मोठ्या माणसाला फारसा हुरूप येत नाही. ते खोटे आहे हे त्याला कळते. आपण गेलो नाही तर कोणाची तरी अडचण होईल, एवढे पुरते. आम्ही एकमेकांची स्तुती करीत नाही. कालनिर्णयवर वाजवलेल्या दिवसाला पेन्सिलीने टिंब करतो आणि गुरुवारी टिंबे मोजतो. रोज पंधरा मिनिटे, एवढाच नेम.

हे पान आरोग्याचे आणि पैशाचे, म्हणून त्याविषयी थोडे. वाद्याने रक्तदाब उतरतो, साखर कमी होते असले दावे मी करणार नाही. माझ्या गोळ्या आहेत तेवढ्याच आहेत. पहिले दोन-तीन आठवडे बोटांची टोके दुखतात. तारा नायलॉनच्या असल्याने पोलादी तारांच्या गिटारीइतकी नाही. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचा त्रास पुष्कळ दिसतो. ज्यांना तो आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मला स्वतःला रात्री टीव्हीपुढे पेंगायची सवय होती, ती गेली.

खर्चाचे सांगायचे तर, युकुलेले १६ रियालांना पडले. जादा तारांचा संच ३ रियाल. सूर जुळवायचे यंत्र फोनमध्ये फुकट मिळते. त्याआधीच्या वर्षी मी एका व्यायामशाळेत वर्षाचे १८० रियाल एकदम भरले होते आणि तिथे अकरा वेळा गेलो. भागाकार करून पाहा, दर खेपेला एक युकुलेले! एक नुकसान मात्र मी स्वतःच्या हाताने केले. जूनमध्ये वाद्य गाडीत विसरलो. मस्कतचा जून आणि बंद गाडी. सरस सुटला आणि तारा बांधायची पट्टी उचकटून हातात आली. लाकडी वाद्य गाडीत किंवा थेट ए.सी.च्या झोताखाली ठेवू नये, हे फुकटचे ज्ञान घ्या.

माझी तक्रार आपल्या सगळ्यांबद्दल आहे, माझ्यासकट. मुलांना आपण तबल्याला, कीबोर्डला घालतो, नेतो-आणतो, आणि ती आत शिकत असताना पाऊण तास बाहेर गाडीत ए.सी. लावून बसतो. त्याच वेळी त्या पाच-सहा पालकांनी शेजारच्या खोलीत बसायला काय हरकत आहे? गणेशोत्सवात नामांकित कलाकार बोलवावेतच. पण मंडळाने महिन्यातून दोनदा एक खोली काही न येणाऱ्या प्रौढांसाठीही ठेवावी, असे मी कार्यकारिणीला सुचवतो. सुलतान काबूस यांनी १९८५ साली रॉयल ओमान सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला तो या संगीताची ओळखही नसलेल्या ओमानी मुलांना अगदी पहिल्यापासून शिकवून. ती मुले होती हे खरे, आणि आपण नाही. म्हणूनच निवृत्तीची वाट पाहू नये. पुण्यात पोचल्यावर पहिल्या महिन्यात गॅस, आधार, पाण्याची टाकी यातच जीव जातो. सवय इथूनच न्यावी लागते.

माझा करार पुढच्या वर्षी संपतो. पुण्याच्या स्नेह्यांना मी हे सारे कळवले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "साठीनंतर बोटं वळतात का?" मी नर्सबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, एफ सोडून सगळं वळतंय."

कोणाला यायचे असल्यास गुरुवारचा पत्ता मंडळाकडे आहे. वाद्य नसले तरी या. गाडीत उचकटलेले ते मी सरसाने पुन्हा चिकटवले आहे. आवाज थोडा घोगरा येतो, पण वाजते.