नाव वायकिंगांचे, मग रीतही त्यांचीच घ्या

गेल्या आगमनकाळात एक तरुण दांपत्य आपल्या पहिल्या कन्येच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्यासाठी आमच्याकडे आले. अर्जावर नाव लिहिले होते 'फ्रेया'. हे नाव कोणाचे, असे विचारता बाप उत्साहाने म्हणाला, "वायकिंग नाव आहे, फादर. तिकडच्या शूर बायकांचे." आई म्हणाली, "आणि आपल्या गावात दुसऱ्या कोणाचे नाही." सोबत आलेले आजोबा खाली मान घालून बसले होते. त्यांची पत्नी त्याच वर्षीच्या पावसाळ्यात प्रभुघरी गेली होती आणि नातीला तिचे नाव मिळेल अशी त्यांना आशा होती. ते नाव जुनाट वाटते, असे घरात ठरल्यावर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नव्हता.

आम्ही ताडकन म्हणालो, "हे मूर्तिपूजकांच्या देवतेचे नाव. इथे चालणार नाही." दांपत्य हिरमुसून निघून गेले. आज लेखणी हाती घेतली आहे ती प्रथम आमच्या त्या उत्तरातली चूक कबूल करण्यासाठी, आणि मग त्या दांपत्याशी उरलेले भांडण पुरे करण्यासाठी.

परधर्मीय मुळाचे नाव ख्रिस्ती बालकाला चालत नाही, असे मानणारे आमचे धर्मबंधू आणि धर्मग्रामातील ज्येष्ठ मंडळी यांना आम्ही विचारतो : रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात संत पौल किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो, फिबी हे ग्रीक पुराणातील देवतेचे नाव. पौलाने तिला ते बदलायला लावले नाही. मार्टिन हे नाव मार्स या रोमन युद्धदेवतेवरून आले, आणि आपण त्या संताला वंदन करतो. खुद्द वायकिंगांच्या उत्तरेकडेही हेच घडले. आइसलंडमधील स्काल्होल्टचे महागुरू संत थोरलाक ११९३ साली मरण पावले आणि १९८४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना आइसलंडचे आश्रयदाते संत घोषित केले. त्यांच्या नावाच्या प्रारंभीच मेघगर्जनेचा देव थोर बसला आहे! १९८३ च्या धर्मनियमसंहितेचे ८५५ वे कलम एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेस परके नाव दिले जाऊ नये, याची पालकांनी, धर्ममातापित्यांनी आणि धर्मगुरूंनी काळजी घ्यावी. नावाची व्युत्पत्ती तपासून बालकाला दारातून परत पाठवावे, असे ते कोठेही म्हणत नाही.

तेव्हा आमचे उत्तर चुकले. पण म्हणून त्या दांपत्याचे बरोबर ठरत नाही.

'वायकिंग' हा शब्द मुळात एखाद्या जमातीचा नव्हता. समुद्रावरून लूटमारीला जाणाऱ्याला उत्तरेकडील लोक वायकिंग म्हणत. ७९३ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरील लिंडिसफार्नच्या मठावर ते चालून आले, त्यांनी काही मठवासीयांना ठार केले आणि काहींना पकडून नेले. गुलामांचा व्यापार हा त्यांच्या संपत्तीचा एक मोठा आधार होता आणि त्या गुलामांत स्त्रियाही होत्या. दूरदर्शन-मालिकांतील ढालतलवारधारी सुंदरींकडे पाहून आपल्या मुलीचे नाव ठेवणाऱ्यांनी त्या नौकांच्या तळाशी बांधून नेलेल्या मुलींचाही क्षणभर विचार करावा.

दुसरी गंमत अशी की, ज्या नावाला आज सर्वांत अस्सल वायकिंग समजले जाते, ते नाव वायकिंग लोक आपल्या मुलींना सहसा देत नसत. फ्रेया म्हणजे 'स्वामिनी'. ते देवतेचे नाव, आणि देवतेचे नाव जसेच्या तसे माणसाला लावण्याची त्यांची पद्धत नव्हती. ते जोडनावे करीत : थोरगर्ड, आस्ट्रिड, इंग्रिड. मग नाव निवडताना ते काय पाहत? तर घरातले माणूस पाहत. दिवंगत आजीचे, आजोबांचे, अकाली गेलेल्या आप्ताचे नाव नव्या बालकाला द्यावे, ही त्यांच्यातील दृढ रीत होती. गेलेल्या माणसाचे काहीतरी त्या नावाबरोबर बालकाकडे येते, अशी त्यांची समजूत. त्या समजुतीशी आपण सहमत होणार नाही. पण नाव म्हणजे बालकाच्या हाती दिलेले एक माणूस आहे, हे त्या अशिक्षित दर्यावर्दींना जेवढे कळत होते, तेवढे आम्हां शिकलेल्यांना कळत नाही, याची लाज वाटते.

उत्तरेकडील खंबीर स्त्रीच हवी असेल, तर तीही आहे. गुद्रिड थोरब्यर्नदोत्तिर हिची कथा आइसलंडच्या दोन जुन्या गाथांत येते. इसवी सन १००० च्या सुमारास ती ग्रीनलंडहून पश्चिमेला, म्हणजे आजच्या उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर गेली. तेथे तिला स्नोरी नावाचा मुलगा झाला. वैधव्य आले, मुलगा मोठा झाला, तेव्हा ती रोमची यात्रा करून आली आणि अखेरीस आइसलंडमध्ये धर्मभगिनी म्हणून एकांतवासात राहिली. हाती तलवार न घेता तिने महासागर ओलांडला. याहून मोठे शौर्य कोणते?

आणि आता त्या मौनी आजोबांच्या पत्नीचे नाव सांगतो. ते होते 'ओल्गा'. ज्या नावाला जुनाट म्हणून बाजूला सारले, ते मूळचे वायकिंगच आहे! उत्तरेकडील 'हेल्गा', म्हणजे पवित्र स्त्री, हेच स्लाव्ह लोकांच्या जिभेवर 'ओल्गा' झाले. कीव्हची राणी ओल्गा हिचा पती ९४५ साली मारला गेला. तिने त्याचा भीषण सूड उगवला, लहान मुलाच्या वतीने राज्य सांभाळले आणि पुढे बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्यात तिला हेलेना हे नाव मिळाले. पण ख्रिस्तसभा ११ जुलैला स्मरण करते ते संत ओल्गा म्हणूनच. तिचाच नातू व्लादिमीर याने ९८८ साली आपल्या प्रजेला ख्रिस्ताकडे नेले. शूर बाई, वायकिंग नाव, संतपद आणि घरातली आजी, हे सारे त्या एका नावात होते, आणि आम्ही मात्र ते दूरच्या बेटांवर शोधत होतो.

दांपत्य पुन्हा आले तेव्हा आम्ही त्यांची क्षमा मागितली आणि ही सारी हकीकत सांगितली. निर्णय त्यांच्यावर सोपवला. आमच्या नोंदवहीत आता 'फ्रेया ओल्गा' अशी नोंद आहे. दुसरे नाव लिहिताना आजोबांनी आमच्याकडून त्याचे एकेक अक्षर तपासून घेतले.

पालकहो, नाव उत्तरेचे ठेवा, दक्षिणेचे ठेवा, आम्ही जल ओतण्यास मागेपुढे पाहणार नाही. पण मुलगी सातआठ वर्षांची झाली की ती विचारील, "माझे नाव कोणाचे?" त्या वेळी 'ऐकायला छान वाटले', एवढेच उत्तर तुमच्यापाशी असेल, तर तुम्ही लेकीला नाव दिले नाही, फक्त एक आवाज दिला. तिला एक माणूस द्या. ते कोठे शोधावे हे कळत नसेल, तर आधी घरातल्या भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहा.