एक्सोडस: चौघांच्या पलीकडे



हार्डकोर पंकचा वेग आणि हेवी मेटलचे गिटारवादन यांच्या संकरातून घडलेले थ्रॅश मेटल मेटॅलिका, स्लेअर, मेगाडेथ व अँथ्रॅक्स या चौघांपाशीच संपते आणि कॅलिफोर्नियातील एक्सोडस या बँडवरील प्रेम निव्वळ स्मरणरंजन आहे, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत टिकणारे नाही. मेटॅलिकाचा कर्क हॅमेट १९८३ पर्यंत एक्सोडसमध्येच होता, याचा त्यांना सोयीस्कर विसर पडलेला दिसतो. 'बॉन्डेड बाय ब्लड' हा एक्सोडसचा पहिला अल्बम १९८४ मध्ये ध्वनिमुद्रित होऊनही १९८५ मध्ये बाजारात आला. तोवर चाहत्यांनी, प्रत्येक नकलेगणिक खरखर वाढत असतानाही, तो कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून हातोहात पसरवला होता. २००८ मध्ये बँडने तोच अल्बम नव्या गायकासह पुन्हा ध्वनिमुद्रित केला, तरी चाहते २००२ मध्ये निवर्तलेल्या गायक पॉल बॅलॉफच्या ओबडधोबड, पण जळजळीत आवाजातील मूळ मुद्रणच उचलून धरतात.