एक सरळ प्रश्न

गेल्या अंकातला पुलांचा विषय पुढे न्यायचा होता, पण या वेळी तो बाजूला ठेवतो.

काही वर्षांपूर्वी एका मित्राची आई इथे इंग्लंडमध्ये आली होती. एका रात्री छातीत धडधडायला लागलं. मित्र परगावी, म्हणून मीच त्यांना ए अँड ईमध्ये घेऊन गेलो आणि दुभाषाही मीच झालो. ईसीजी, रक्त, सगळं नॉर्मल. तरुण डॉक्टरने विचारलं, घरी कसं चाललंय? काकू म्हणाल्या, "कसलं काय! जीव नकोसा झालाय. देवानं उचललं तर सुटेन."

मी इंग्रजीत सांगितलं, "त्या फार थकल्या आहेत."

आपल्याकडे बायका असं बोलतातच, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे लाज वाटली. त्या मुलाचं लक्ष मात्र माझ्याकडे नव्हतं, काकूंच्या चेहऱ्याकडे होतं. त्याने मला अदबीने बाहेर बसवलं, फोनवर मराठी दुभाषा मिळवला आणि काकूंना सरळच विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" पुढे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पण त्याच रात्री मानसोपचाराची टीम आली, उपचार सुरू झाले आणि काकू सावरल्या.

हे त्याला कुणी शिकवलं? पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या फाउंडेशन प्रोग्रॅममध्ये साधारण दर चार महिन्यांनी विभाग बदलतो. ए अँड ईचे वारे कळेपर्यंत निघायची वेळ! वर चार तासांत पेशंटचा निकाल लावायचा, हे २००४ पासूनचं उद्दिष्ट डोक्यावर. अशा घाईत धडधडीचं कारण हृदयाबाहेर शोधायचं, तर ते आधी शिकलेलं असावं लागतं.

मी पडलो इंजिनीअर. मला वाटायचं, यासाठी एखादा तक्ता असेल: गुण मांडा, बेरीज करा, धोका किती ते कळलं. पण स्वतःला इजा करून घेतलेल्या रुग्णांबद्दल 'नाइस' या संस्थेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनात उलटंच सांगितलंय. पुढे कोण आत्महत्या करेल याचं भाकीत करायला असे तक्ते वापरू नका. माणसाच्या गरजा समजून घ्या आणि त्याच्याबरोबर बसून सुरक्षिततेचा बेत आखा. गेजवर वाचता येईल असं इथे काही नाही.

म्हणून शिकवायचं ते साधंच, पण सरावाचं. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. खुर्ची ओढून बसायचं. नातेवाईकाला दुभाषा करायचं नाही. पेशंटची भूमिका करणाऱ्या नटांसमोर हे प्रश्न तोंडातून काढायची सवय करायची, कारण पहिल्यांदा ते शब्द उच्चारताना डॉक्टरचीही जीभ अडखळते. २०२४ पासून ज्युनियर डॉक्टरांना इथे 'रेझिडेंट डॉक्टर' म्हणतात. नाव बदललं ते ठीक, पण या सरावाला ड्यूटीच्या तासांतच जागा हवी. जेवणाच्या सुट्टीत उरकायची ही गोष्ट नव्हे.

आणि आपलं शिक्षण? कुणी "जीव नकोसा झालाय" म्हणालं तर त्याचं "थकलेत" करू नका. इंग्लंडमध्ये १११ ला फोन करून २ दाबलं की मानसिक आरोग्याची मदत मिळते. सॅमॅरिटन्सचा नंबर ११६ १२३. दोन्ही फ्रिजवर चिकटवून ठेवा. मी ठेवलेत.