तळमळ पट्टीत दाखवा



आपली शिकलेली पोरे आता बाजार समितीत कारकून, सचिव होण्यासाठी अर्ज करू लागली आहेत. चांगलेच आहे. पण आमच्याकडे तपासायला येणाऱ्या बहुतेक अर्जांत एकच वाक्य असते : 'मला शेतकऱ्यांविषयी तळमळ आहे.' असली तळमळ पुढाऱ्यांच्या भाषणात पोत्याने मिळते.

पोरांनो, कोणाची हिशेबपट्टी वाचून दिली, हमाली-तोलाईचा कोणता आकडा जादा निघाला, तो परत कसा मिळवला, ते लिहा. भाजी-फळांची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, हे जुलै २०१६ मध्ये ठरले. तीच अडत दुसऱ्या नावाने पट्टीवर दिसली, तर खुर्चीवर बसून काय कराल? तेही लिहा. असे काही केलेच नसेल, तर आधी चार पहाटे तोलकाट्याजवळ उभे राहा. कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन रात्रभर रांगेत थांबलेल्याला विचारा. हमालालाही विचारा, त्याची मजुरी बुडवून शेतकऱ्याचे भले होत नाही.

असा अर्ज काही संचालकांना टोचेल. नोकरी हुकेलही. तरी आम्ही हाच सल्ला देऊ.